काजूची बाग आणि तीन कबुल्या

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून)

वय 61. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात राहतो. 27 वर्षं आखातात नोकरी करून परतलो. आम्ही कॅथलिक. आई आधीच गेली होती, वडील 2009 मध्ये गेले. शेवटची चार वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं धाकट्या बहिणीने केलं, औषधपाण्याचे पैसे मी पाठवत होतो. नंतर सातबारा मोकळा करायचा म्हणून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. बाग विकली तर निम्मे तुझे, असं तोंडी बोलणं झालं होतं. 2012 मध्ये काजूची बाग 24 लाखांना विकली गेली. तेव्हा मुलाचं इंजिनिअरिंग, घराचं काम अशा अडचणी होत्या, आणि बहिणीला द्यायचं राहून गेलं. तिला शेजाऱ्यांकडून कळलं. ती भांडली नाही, फक्त येणं बंद केलं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. ती शिवणकाम करते, मुलगी शिकते आहे.

मागच्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. उपवासकाळात कन्फेशन केलं, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिली. फादरांनी पापक्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या, बहिणीचंही बघा म्हणाले. पण शांती नाही. मग दुसऱ्या पॅरिशमध्ये आणि नंतर जुन्या गोव्यात जाऊन पुन्हा तीच कबुली दिली. माझा पश्चात्ताप खोटा आहे का? तो मरणाच्या भीतीने आला, म्हणून देवाला चालत नसेल का? सगळ्या आयुष्याचं एकदा मोठं कन्फेशन करू, की वेलंकणीच्या यात्रेला जाऊन येऊ? आमच्या कपेलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या देवळाच्या, छपरासाठी एक लाख द्यायचा विचार आहे. बँकेत पंधरा-सोळा लाखांच्या ठेवी आहेत, घर आणि भोवतालचे सहा गुंठे माझ्या नावावर आहेत. मुलाचं लग्न ठरतंय. पत्नी म्हणते, जुनी मढी उकरू नका.

उत्तर

भाऊ,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. पंचवीस वर्षं मुलांचे निबंध तपासले, ती खोड जात नाही. मी तुमच्या क्रियापदांखाली रेघा मारत गेले. बाग 'विकली गेली'. बोलणं 'झालं होतं'. द्यायचं 'राहून गेलं'. अडचणी 'होत्या'. जिथे जिथे बहिणीचं नुकसान झालं तिथे तिथे वाक्यातला कर्ता उठून बाहेर गेलेला आहे. 'औषधपाण्याचे पैसे मी पाठवत होतो' या वाक्यात मात्र 'मी' जागच्या जागी आहे.

यात तुम्ही एकटे नाही. आपली मराठी ही सोय फार मायेने करून देते. 'माझ्या हातून चूक झाली' म्हटलं की दोष हाताचा, आपण बाजूला. मी स्वतः हे वाक्य आयुष्यात शेकडो वेळा वापरलं असेल. पण मिस्सेच्या, म्हणजे देवळातल्या उपासनेच्या, सुरुवातीला आपण कबुलीची जी प्रार्थना म्हणतो, तिच्यात ही पळवाट ठेवलेली नाही. तिथे पाप 'मी' केलेलं असतं आणि 'माझा अपराध' म्हणताना हात छातीवर जातो. त्यातलं आणखी एक माझ्या मनात नेहमी अडकतं. विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला तिथे चौथा खाना आहे, करायला हवं होतं ते न केल्याचा. भाऊ, तुमचं ओझं मुख्यतः त्या चौथ्या खान्यात आहे. वडिलांची बाग विकणं हे काही पाप नव्हे. 2012 पासून रोज सकाळी उठून न देणं, हे आहे. आणि ती प्रार्थना कोणाला उद्देशून आहे, ते येत्या रविवारी म्हणताना नीट ऐका. सर्वसमर्थ देवापाशी, आणि बंधुभगिनींपाशी. तुम्ही दर आठवड्याला अख्ख्या देवळातल्या बहिणींना सांगता की मी पाप केलं आहे. आपल्या बहिणीला सोडून.

आता तुमचे प्रश्न. भीतीपोटी आलेला पश्चात्ताप देवाला चालतो का, याने तुम्ही फार हैराण झालेले दिसता, म्हणून ते आधी. चालतो. उधळ्या पुत्राची गोष्ट आठवा, बापाकडून वाटा घेऊन तो उधळणाऱ्या आणि शेवटी घरी परतणाऱ्या मुलाची. डुकरं चारताना त्याला बापाचं प्रेम आठवून गहिवरून आलं, असं काही येशूची कथा लिहिणारा लूक सांगत नाही. त्याला भूक लागली होती. बापाच्या घरी नोकरसुद्धा पोटभर जेवतात आणि मी इथे उपाशी मरतोय, हा साधा पोटाचा हिशोब होता. परत जाताना म्हणायचं भाषणही त्याने पाठ करून ठेवलं होतं. बापाने ते पुरं होऊ दिलं नाही. देवावरच्या प्रेमातून येणारा पश्चात्ताप पूर्ण आणि शिक्षेच्या भीतीतून येणारा अपूर्ण, असा फरक आपल्या चर्चमध्ये करतात खरा. पण 1551 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कबुलीचा संस्कार सविस्तर मांडला तेव्हा अपूर्ण पश्चात्तापालाही देवाचं दान म्हटलं. माणसाला कबुलीच्या दारापर्यंत आणायला तो पुरतो. देव कोणाच्या घरात कुठल्या दाराने शिरतो याची चिकित्सा मी करत नाही. तुमच्याकडे तो कार्डिअॅक वॉर्डातून आला.

माझं म्हणणं वेगळं आहे. पश्चात्ताप खरा की खोटा हे तुम्ही ज्या पद्धतीने तपासताय, ती पद्धतच मला पटत नाही. याला थोडा आपला शब्दही कारणीभूत आहे. पश्चात् ताप. नंतर होणारी जळजळ. शब्द सुंदर आहे, पण तो आपल्याला थर्मामीटर हातात घ्यायला लावतो. किती जळतंय? रडू आलं का? झोप उडाली का? पुरेसा ताप नसेल तर पश्चात्ताप कच्चा, आणि जळणं थांबत नसेल तर क्षमा मिळालेली नाही, असे दोन्हीकडून आपणच आपल्याला फटके मारत बसतो. शुभवर्तमानाच्या ग्रीक मजकुरात या जागी शब्द आहे मेटानोइया. मन बदलणं, विचाराची दिशा बदलणं. त्याच्याही मागे जुन्या करारातल्या संदेष्ट्यांची हिब्रू हाक आहे, शूव. म्हणजे वळा, परत या. त्यात ताप कुठेच नाही, चालणं आहे. आपल्या चर्चपासून वेगळी प्रॉटेस्टंट वाट काढणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये जे 95 मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा, की ख्रिस्ताने पश्चात्ताप करा म्हटलं ते सबंध आयुष्याबद्दल म्हटलं. आपलं त्याच्याशी बाकी कितीही न जुळो, हे जुळतं. (रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या परंपरेतले वाचक हे वाचून हसतील. हसा.)

तेव्हा मी तुम्हाला विचारते, किती जळतंय ते राहू द्या. तुम्ही किती चाललात? पहिल्यांदा आपल्या पॅरिशपर्यंत. दुसऱ्यांदा शेजारच्या. तिसऱ्यांदा थेट जुन्या गोव्यापर्यंत. आता वेलंकणी म्हणताय, म्हणजे पार बंगालच्या उपसागरापर्यंत. बहिणीचं घर कुठे आहे ते पत्रात लिहिलेलं नाही, पण मला वाटतं एसटीच्या एका तिकिटाचं अंतर असेल.

फादरांनी दिलेली क्षमा खोटी नव्हती. ती पहिल्या वेळीच मिळाली. तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करून ती अधिक पक्की होत नाही, सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखी तिची प्रत काढत बसायची गरज नसते. जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नाशियस 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला होते तेव्हा त्यांना हेच झालं होतं. झालेली कबुली अपुरी वाटायची, काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटून ते पुन्हा कबुलीला जायचे, शेवटी जीव नकोसा होण्यापर्यंत वेळ आली. त्यातून ते बाहेर पडले ते, जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असं ठरवून. ज्यांना हा त्रास आहे, म्हणजे क्षुल्लक गोष्टींचं किंवा कधीच मिटलेल्या गोष्टींचं भूत मानगुटीवरून उतरत नाही, त्यांनी एकच धर्मगुरू धरावा, तो सांगेल तिथे थांबावं, आणि हात धुण्यासारखी ही गोष्टही थांबेनाशी झाली तर मनाच्या डॉक्टरकडे जावं. त्यात लाज नाही.

पण तुमचा त्रास तो नाही. इग्नाशियसच्या दारावर थाप मारणारा कोणी नव्हता, ती त्यांच्या मनाने ऐकलेली थाप होती. तुमच्या दारात मात्र खरंच कोणीतरी उभं आहे. याला आपल्याकडे तगादा म्हणतात. आणि तगादा लागला की माणूस ज्याचं देणं आहे त्याच्याकडे जातो. तीन वेळा जाऊन देवळातल्या कबुलीच्या पेटीत हात जोडून येत नाही. पापक्षमेने पाप जातं, पण पापाने जे मोडलं ते आपोआप जोडलं जात नाही, चोरलेलं परत करावं लागतं, कोणाची अब्रू घालवली असेल तर ती भरून द्यावी लागते, हे 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात अगदी सरळ लिहिलेलं आहे. तुमच्या फादरांनीही सांगितलं. 'बहिणीचंही बघा' हे त्यांचे शब्द तुम्ही एका स्वल्पविरामात गुंडाळून पुढे गेलात. माझ्या मते त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात तेच सर्वात महत्त्वाचं होतं.

कपेलच्या छपराबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. तो एक लाख कोणाचा? तुमच्या ठेवीतल्या बारा लाखांवर बहिणीचं नाव आहे असं तुम्हालाच वाटतंय, म्हणून तर पत्र लिहिलंत. मग तिच्या पैशाने देवाच्या घरावर कौलं घालायची आणि खाली बसून तिच्यासाठी प्रार्थना म्हणायची, हे देवालाही जरा अवघड जाईल. येशूने तर याचा क्रमच सांगून ठेवला आहे. वेदीपाशी दान घेऊन गेलात आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. फार मोठी मागणी आहे ही. गालीलातल्या माणसाने यरुशलेमच्या मंदिरात हे ऐकलं, तर समेटासाठी त्याला काही दिवसांची वाट तुडवत घरी जावं लागणार. तुम्हाला एसटी आहे.

आता आकडे, कारण आकड्यांवाचून यात पुढे जाता येत नाही. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराने खाली उतरल्यावर 'मला फार वाईट वाटतं' एवढं म्हटलं नाही. त्याने उभं राहून हिशोब मांडला: निम्मं गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. तुम्ही चौपट द्या असं मी म्हणत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात, ज्याने दुसऱ्याचं बुडवलं आणि मग स्वतः कबूल केलं त्याच्यासाठी सौम्य हिशोब आहे. मुद्दल पूर्ण, आणि वर एक पंचमांश. माझी आजी तांदूळ उसने आणायची ते सपाट मापाने आणि परत करायची ते शीग लावून. वरची ती शीग म्हणजे व्याज नव्हे. इतके दिवस तुझं माझ्याकडे होतं याची ती जाण असे. तुमच्या बाबतीत मुद्दल 12 लाख, शीग दोन लाख चाळीस हजार, एकूण 14 लाख 40 हजार.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हा हिशोब तुमच्या फायद्याचा आहे. 2012 मध्ये तिच्या हाती बारा लाख पडले असते आणि तिने ते सात टक्क्यांनी साध्या मुदत ठेवीत ठेवले असते, तरी सुमारे दहा वर्षांत दुप्पट झाले असते. आणि तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या पैशांची वजाबाकी मनातल्या मनातही करू नका. ती सुरू केलीत, तर चार वर्षं रात्री उठून बापाची कूस बदलणाऱ्या हातांना रोजचा दर काय लावायचा, हेही ठरवावं लागेल.

कायद्याचं दोन ओळीत. आपण तेरेखोल नदीच्या अलीकडचे. गोव्यात वेगळा नागरी कायदा आहे, इथे आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी, त्याला आता शंभर वर्षं झाली. तुमच्या बहिणीचा निम्मा वाटा ही तुमची कृपा कधीच नव्हती. तिने हक्कसोडावर सही केली आहे आणि इतकी वर्षं गेली आहेत, त्यामुळे कोर्टात तुम्ही बहुधा सुटाल. म्हणूनच हा प्रश्न तुम्ही वकिलाला न विचारता मला विचारलात, असं मी धरते.

तुमच्या पत्नीवर रागावू नका. जुनी मढी उकरू नका म्हणताना तिला म्हातारपण दिसतंय, तुमचं हृदय दिसतंय, मुलाचं लग्न दिसतंय. ही भीती खरी आहे. त्या पैशातून बांधलेल्या घरात तीही राहिली, मुलगा त्यावर शिकला, तेव्हा त्या दोघांच्या पाठीमागे परस्पर चेक फाडणं ही दुसरी फसवणूक ठरेल. आधी त्यांना बसवून सांगा. परवानगी मागू नका, हिशोब दाखवा. फक्त एवढं तिच्या लक्षात आणून द्या की मढं पुरलेलं असेल तर उकरायचा प्रश्न. इथे माणूस जिवंत आहे आणि शिवणाच्या मशीनवर बसलं आहे.

कसं द्यायचं याचे तीन-चार मार्ग दिसतात. सगळी ठेव मोडून एकदम दिलीत तर मन हलकं होईल, पण उद्या पुन्हा छातीत दुखलं तर हॉस्पिटलचं बिल कोण भरणार? आणि मग मुलगा आत्याच्या नावाने बोटं मोडेल. घराभोवतालच्या सहा गुंठ्यांपैकी निम्मे तिच्या नावावर बक्षीसपत्राने करून देता येतील, पण तिला मुलीच्या फीसाठी पैसे लागत असतील तर जमिनीच्या तुकड्याचं ती काय करणार? आणि भावाच्या अंगणात तिला यायचं तरी आहे का? मला स्वतःला वाटतं, सहा-सात लाख आता, उरलेले ठरलेल्या तारखांना तीन वर्षांत, आणि जमीन हवी की पैसे हे तिने ठरवायचं. मुलाच्या लग्नात दोन पक्वान्नं कमी झाली तर काही बिघडत नाही. पैसे तिच्या खात्यात चेकने द्या. भावाने बहिणीला दिलेल्या पैशांवर तिला आयकर भरावा लागत नाही, ती शंका कोणी तिच्या मनात घातली तर सांगता येईल. आणि तुमची तब्येत लक्षात घेता मृत्युपत्र करा, त्यात राहिलेल्या रकमेचा स्पष्ट उल्लेख करा, म्हणजे उद्या हे ओझं मुलाच्या मर्जीवर पडणार नाही.

भेटायला कसं जायचं, यावर मला पैशांपेक्षा जास्त बोलायचं आहे. कारण इथे मी स्वतः घसरलेली आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या जावेकडे एका जुन्या बोलण्याची माफी मागायला गेले. दारातच रडायला लागले. तिने मला बसवलं, पाणी दिलं, चहा केला, 'असूंदे गो, कित्याक रडतंस' म्हणून पाठीवरून हात फिरवला. घरी येताना मला पिसासारखं हलकं वाटत होतं. तिला काय वाटलं ते मी विचारलंच नव्हतं. तिच्या दुखण्यावर माझीच समजूत काढून घेऊन आले होते.

म्हणून रडू आलं तर येऊ द्या, पण ते घेऊन जाऊ नका. एकटे जा. फेस्ताच्या दिवशी, ख्रिसमसला, चार पाहुण्यांसमोर नको. तिथे तिला नाही म्हणता येणार नाही, आणि नाही म्हणायची मोकळीक तिला हवी. 'फादरांनी सांगितलं म्हणून आलो' म्हणू नका. आजाराचा विषय काढू नका, ती तुमच्या हृदयाची काळजी करत बसेल. कर्त्यासकट वाक्यं बोला. मी तुझी सही घेतली. मी निम्मे देतो म्हणालो आणि मी दिले नाहीत. मी तुला कळवलंही नाही. या तीन वाक्यांनंतर 'पण' आला तर तो गिळा.

आणि एक कागद न्या. पहिल्याच भेटीत चेक पुढे केलात तर तोंड बंद करायला आल्यासारखं दिसेल, पण नुसतं तोंडी बोलणंही नको. तोंडी बोलण्यावर तिने एकदा विश्वास ठेवला आहे. रक्कम, तारखा, खाली तुमची सही, असा कागद तिच्याकडे ठेवून या. सहीचा कागद या वेळी तिच्या हातात असू दे.

ती म्हणेल, 'माका नको तुजे पैसे.' म्हणण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा सुटलो म्हणून परतू नका आणि तिच्यावर जबरदस्तीही करू नका. पैसे वेगळ्या ठेवीत ठेवा, तिला तसं कळवा, भाचीच्या शिक्षणासाठी चालतील का ते काही महिन्यांनी एकदा विचारा. आणि ती माफ करेलच असं धरून चालू नका. देणं फेडणं हे तुमचं काम. माफ करणं तिचं, तिच्या वेळेने, कदाचित कधीच नाही.

पैसे परत केले म्हणजे सगळं जमलं, असंही मी म्हणणार नाही. येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याने पैसे परत केले होते. चांदीची तीसच्या तीस नाणी. कबुलीही स्वच्छ दिली, मी निर्दोष माणसाला धरून दिलं म्हणून, अगदी कर्त्यासकट. पण दिली कोणाला, तर ज्यांनी सौदा केला त्या याजकांना. ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं. मत्तयने तिथे वापरलेलं ग्रीक क्रियापदही मेटानोइयाचं नाही, नुसत्या हळहळीचं आहे. दुसरा शिष्य पेत्र, त्याने येशूला धरलं त्याच रात्री तीनदा मान वर करून मी त्याला ओळखत नाही असं खोटं सांगितलं, अंगणातल्या कोळशाच्या आगटीपाशी शेकत. नंतर सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाची आगटी आहे, तिच्यावर मासे भाजताहेत, आणि येशू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. योहानाने दोन्ही ठिकाणी आगटीसाठी एकच शब्द वापरला आहे. जिथे तोंड फिरवलं, जवळजवळ तिथेच त्याला पुन्हा बसवलं. तीनदा विचारल्यावर पेत्र दुखावला, असं योहान लिहितो. मला हे वाक्य फार खरं वाटतं. बहिणीने तुम्हाला तेच तेच तीनदा विचारलं तर दुखेल. बसून राहा.

अशीच पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. ज्याचं बुडवलं तो माणूसच हयात नाही, असं दोघांनी लिहिलं होतं. नियमशास्त्रात याचं उत्तर आहे: त्याच्या जवळच्या नातेवाइकाला द्या, आणि तसा कोणीच नसेल तर याजकाकडे. म्हणजे कपेलच्या छपराचा नंबर तिथेही शेवटचाच. एका बाईने विचारलं आहे की पूर्वी कधीतरी संपलेलं एक प्रकरण नवऱ्याला सांगायलाच हवं का. तुमच्या बाबतीत मी 'जा आणि सांगा' असं म्हणणार नाही. कबुलीने दुसऱ्याचं देणं फिटत असेल तर ती द्यावी. आपलं ओझं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवण्यासाठी देऊ नये. तुम्ही आधी धर्मगुरूंशी किंवा समुपदेशकाशी बोला. आणि या गोष्टीतल्या बहिणीच्या जागी जे आहेत, ज्यांना घरचे म्हणतात की तो आता पश्चात्ताप करतोय, ख्रिस्ती माणसाने माफ करायलाच हवं, त्यांना एवढंच विचारायचं आहे: तो तुमच्याशी बोललाय का? की बाकी सगळ्यांशी?

भाऊ, फादरांना मध्यस्थ घ्यायचं मनात असेल तर एक ध्यानात ठेवा. कबुलीत ऐकलेलं ते बहिणीला तर सांगू शकत नाहीतच, पण तुमच्याशीसुद्धा बाहेर तो विषय आपणहून काढू शकत नाहीत. रस्त्यात भेटल्यावर ते काहीच बोलले नाहीत म्हणून विसरले, असं समजू नका. त्यांची मदत हवी तर पॅरिशच्या ऑफिसात जाऊन सगळं पुन्हा, साध्या बोलण्यात, सांगा. ती चौथी कबुली मी चालवून घेईन.

जाल तेव्हा सकाळी जाऊ नका. शिवणकाम करणाऱ्या बाईची सकाळ फार धावपळीची असते. दुपारी तीननंतर मशीन जरा थांबतं. आणि चेक लिहायची वेळ येईल तेव्हा बँकेत तिचं नाव कसं आहे ते बघून लिहा, माहेरच्या आडनावाने की सासरच्या. तुम्हाला ते माहीत नसेल, असं मला वाटतं. तिला विचारा.